एकटीने घोडी पिकअपमधून नेऊन माळावर मुक्काम करायचा आहे : रात्रीच्या बांधणीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार,

मी पुण्यात राहते आणि गेली सात वर्षे घोडेस्वारी करते. माझी घोडी मैना मांजरीजवळच्या एका पागेत असते. ती ९ वर्षांची, कुमैत रंगाची, ५८ इंच उंचीची काठेवाडी आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिला पिकअपमधून बारामती तालुक्यातल्या सुप्याकडे न्यावे, दोन दिवस माळरानावर रपेट करावी आणि ओळखीच्या एका शेतकरी दादांच्या पडीक रानात दोन रात्री तंबू ठोकून राहावे, असा बेत आहे. मयूरेश्वर अभयारण्याची हद्द टाळूनच फिरणार आहे. आजवर अशा सहली मी दोघातिघांबरोबरच केल्या. या वेळी मुक्कामात माझ्याशिवाय कोणीही नसेल आणि दादांची वस्तीही तिथून अर्ध्या किलोमीटरवर आहे.

प्रवासाची तयारी बरीचशी झाली आहे. दिवे घाटाच्या वळणांवर घोडीला सतत पायांवर तोल सांभाळावा लागतो, म्हणून सासवड-जेजुरीचा रस्ता सोडून सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत आणि तिथून आत सुप्याला जायचे ठरवले आहे. पिकअपच्या तळाला रबरी मॅट, तिच्यावर ओली वाळू आणि पेंढा असेल. मोरखीची (तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्याची) दोरी तिला मान खाली घालता येईल इतकी लांब ठेवते, कारण डोके बराच वेळ वर बांधलेले राहिले तर श्वासनलिकेतली धूळ आणि चिकटा बाहेर पडत नाही आणि त्यातून फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा दाखला घेणार आहे. त्या नियमांत गाडीवर देखभालीला माणूस असावा असेही आहे, म्हणून पागेतले मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) काका जाताना सोबत येतील, घोडी उतरवून एसटीने परततील आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा येतील.

खरी काळजी मधल्या दोन रात्रींची आहे. दोन वर्षांपूर्वी पानशेतच्या बाजूला मुक्काम असताना, तिला रात्री चरता यावे म्हणून मी लांब दोरीने खुंटीला बांधले होते. पहाटे पाहिले तर दोरी मागच्या पायात गुंतून खुराच्या वर खोल चर पडला होता आणि ती बिचारी तीन पायांवर उभी होती. जखम भरायला पाच आठवडे लागले. तो निर्णय सर्वस्वी माझा होता, त्यामुळे लांब दोरीचा पर्याय मी कायमचा सोडला आहे. त्या वेळी दोरी कापताना तिचे डोके धरायला मैत्रीण होती. या वेळी कोणी नसेल, हे मनातून जात नाही.

आता माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला अगाडी-पिछाडीचा, म्हणजे डोके पुढच्या आणि मागचे पाय मागच्या खुंट्यांना दोरांनी बांधण्याचा. तिला पागेत त्याची सवय आहे, पण अनोळखी जागी कोल्हेकुई ऐकून किंवा लांडग्याच्या वासाने ती बुजली आणि मागचे पाय झाडू लागली, तर अंधारात एकटीने मागे जाऊन पिछाडी सोडणे मला धोक्याचे वाटते. दुसरा पर्याय दोन झाडांमध्ये, घोडीच्या डोक्यापेक्षा उंच, ताणून दोर बांधायचा आणि मोरखीची दोरी त्याला अशी अडकवायची की नाक जमिनीला टेकेल पण पाय अडकण्याइतका फास पडणार नाही. मला हाच सर्वांत पटतो, परंतु माळावर हिवर आणि बोरीची झाडे खुरटी आहेत; चारशे किलोच्या जनावराने हिसडा दिल्यावर ती टिकतील का? तिसरा पर्याय शेतकरी रानडुकरांसाठी वापरतात त्या बॅटरीवरच्या झटका मशीनच्या तारेचे छोटे कुंपण. त्यात ती मोकळी राहील, पण घाबरलेला घोडा तार तोडून जाऊ शकतो आणि तिला त्या तारेची ओळखही नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी घोड्याला किती दिवस आधीपासून शिकवले? सुपे-बारामतीकडचे मेंढपाळ धनगर आपली तट्टे वाड्यावर (मेंढ्यांच्या मुक्कामाच्या जागी) रात्री कशी बांधतात, हे कोणी जवळून पाहिले असेल तर तेही सविस्तर लिहावे, कारण त्याच माळावर रात्री काढणाऱ्यांच्या पद्धतीवर माझा जास्त विश्वास आहे.

दुसरा प्रश्न पोटशूळाचा आहे. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट बिघडले की वाट पाहत बसता येत नाही. दाणा बदलू नये म्हणून तिचा नेहमीचा हरभरा, कोंडा आणि लसूणघास सोबत नेणार आहे. माळावरच्या कुसळी गवतावर तिला चरू देणार नाही आणि आसपास घाणेरी किंवा कण्हेर नाही हे आधी पाहून घेईन. परके पाणी ती पीत नाही, म्हणून आत्तापासूनच पाण्यात थोडा गूळ घालायला सुरुवात केली आहे, म्हणजे तिथल्या पाण्याची चव तिला वेगळी लागणार नाही. एवढे करूनही रात्री दोन वाजता दुखणे उठलेच, तर तिला एकटीने पिकअपमध्ये चढवावे लागेल. गाडीला चढण्या-उतरण्याची फळी नाही, म्हणून ती शेताच्या बांधाला मागून लावून ठेवीन. पण चढवताना मी पुढे लगाम धरून चालले तर मागचा आडवा दांडा लावणार कोण, आणि दांडा लावायला मागे गेले तर ती बाहेर येणार नाही कशावरून? दांडा लागण्याआधी डोके बांधू नये, एवढे मला माहीत आहे. घोडा नुसत्या इशाऱ्यावर एकटा आत चढून शांत उभा राहील, असे ज्यांनी शिकवले असेल त्यांनी सुरुवात कुठून केली ते कृपया सांगावे.

पुढचे तीन रविवार पागेच्या आवारात मोतद्दार काकांच्या देखरेखीखाली याचा सराव करणार आहे, त्यामुळे त्याआधी मिळालेली उत्तरे लगेच करून पाहता येतील.