मदत हवी आहे: बटेरांची मारामारी, एका मादीच्या डोक्याची कातडी निघाली

राजेंद्रनगरवाली

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, सकाळी पिंजरा उघडला तर एक मादी कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली, डोक्यावरची कातडी सोललेली आणि बाकीचे येऊन येऊन तिथंच टोचून राहिले होते. तिला लगेच काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलंय, पाणी पितेय, दाणाही थोडा खाल्ला, पण पुढे काय करू ते सांगा.

आम्ही इंदूरला राहतो, गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली पिंजरा आहे, चार फूट बाय अडीच फूट, उंची फूटभर. जपानी बटेर, एकूण १४. पिल्लं होती तेव्हा सगळी एकमेकांच्या अंगावर झोपायची, कधी भांडण बघितलं नाही. आता दोन महिन्यांच्या वर झालेत आणि रोज काही ना काही चालूच असतं, मान पुढे काढून एकमेकांच्या मागे धावतात, डोक्याची पिसं चोचीत धरून ओढतात. तांबूस छातीचे चार नर आहेत, ठिपकेवाल्या सात माद्या, आणि तीन पांढरे आहेत त्यांचं काही समजत नाही. बऱ्याच माद्यांच्या मानेमागे पिसं गेलीत पण तिथं जखम नाहीये.

खायला ब्रॉयलर स्टार्टर आणि बाजरी अर्धं-अर्धं देतो, अंडी बरी यावीत म्हणून रात्री दहापर्यंत पांढरा एलईडी चालू असतो.

माझा संशय सगळ्यात दांडग्या नरावर आहे, तो फार ओरडतो आणि सगळ्यांच्या मागे लागतो. घरात सगळे म्हणतात काढून टाक त्याला, शेजारचे म्हणतात कापा. मला ते करायचं नाहीये, हातावर येऊन दाणा खातो तो. त्याला वेगळं ठेवलं तर बाकीचे शांत होतील का? नंतर परत सोडता येतो का? आणि या मादीचं डोकं भरून येईल ना?

गच्चीवरची_शेती

ताई, आधी मादीचं बघा. मिठाच्या कोमट पाण्यानं हळूच धुवा, बीटाडीन पाण्यात पातळ करून लावा, माश्या बसू देऊ नका. पिसांची मुळं शाबूत असतील तर पिसं परत येतात. कातडी मोठी उघडी पडली असेल किंवा डोळ्याला लागलं असेल तर महूला पशुचिकित्सा महाविद्यालय आहे, तुम्हाला जवळच पडेल, तिथं घेऊन जा. जखम पूर्ण सुकल्याशिवाय परत सोडू नका, लाल दिसलं की हे पक्षी टोचतातच, अगदी गरीब स्वभावाचा पक्षीसुद्धा.

बडोदेकर_पक्षीवाला

मी काही वर्षं बडोद्यात बटेर पाळतोय म्हणून सविस्तर लिहितो. एका नरावर सगळं ढकलू नका, तुमच्याकडे नरच जास्त झालेत. तीन ते पाच माद्यांमागे एक नर पुरतो. हा पक्षी सहा-आठ आठवड्यांत वयात येतो, म्हणून कालपर्यंत एकत्र झोपणारे अचानक एकमेकांच्या जिवावर उठतात, त्यात त्यांचा दोष नाही. मानेमागची पिसं गेलीत पण जखम नाही, ते नर जोडी लावताना तिथं धरतात म्हणून. तेही माद्यांना त्रासाचंच आहे.

पांढरे आधी तपासा. पिसांवरून त्यांचं कळत नाही. उलटं धरून गुदद्वाराच्या वरचा भाग हलका दाबा, नर असेल तर दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस येतो. हे नक्की करा, माझा अंदाज आहे की त्यातच काहीतरी निघेल.

दिवा संध्याकाळी लवकर बंद करा आणि मंद पिवळा लावा. १४-१५ तासांच्या वर उजेड मिळाला की नर जास्तच तापतात आणि लख्ख पांढऱ्या उजेडात टोचाटोची वाढते. बाजरी कमी करा, अंड्यावरच्या पक्ष्याला वीस टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागतं, बाजरीत त्याच्या निम्मंच, आणि प्रोटीन कमी पडलं की ते एकमेकांची पिसं खायला लागतात. जागा तुमची वाईट नाही पण उघडी आहे, हरणाऱ्याला पळून जायला आडोसाच नाही. फुटका माठ आडवा ठेवा, तुरीच्या काड्यांची जुडी ठेवा, दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन करून लांब लांब ठेवा म्हणजे एकजण अडवून बसणार नाही, आणि एका पसरट भांड्यात कोरडी वाळू द्या, तासभर लोळत बसतात. कोणी चोच कापायला सांगेल, ते अजिबात करू नका, तिच्यात जीव असतो.

राजेंद्रनगरवाली

खूप खूप आभार दादा. पांढरे तपासले, तिघांपैकी दोघांना फेस आला! म्हणजे सहा नर आणि आठ माद्या. मग दुपारी स्टूल टाकून बसले पिंजऱ्यासमोर. दांडगा नर बाकीच्या नरांना हाकलतो, धाकात ठेवतो पण जरा टोचून सोडून देतो. डोकं धरून न सोडणारा त्या पांढऱ्यांपैकी एक आहे, माझ्यासमोर दुसऱ्या मादीला धरलं त्यानं. उगाच बिचाऱ्या दांडग्यालाच बाहेर काढणार होते सगळे. दिवा बदललाय, माठ ठेवलाय. आता कोणते दोन ठेवू आणि चार नरांचं काय करू? चौघांना एकत्र ठेवलं तर मारणार नाहीत का एकमेकांना?

बडोदेकर_पक्षीवाला

दांडगा ठेवा, आणि त्याच्यापुढे दबून राहणारा एखादा तांबूस. नुसते नर एकत्र राहू शकतात, एकाच वेळचे वाढलेले असतील तर बऱ्याचदा राहतात, पण माद्या दिसायला नकोत, म्हणजे गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, मधे पोतं लावून. त्यांना जादा दिवा देऊच नका. डोकं धरणारा पांढरा मात्र एकटाच ठेवा, त्याला आत्ता कोणातच मिसळू नका. ओरडतील भरपूर, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

मादी बरी झाली की एकटीला सोडू नका. तिच्यासोबत अजून एक मादी दोन-तीन दिवस बाहेर ठेवा, मग रात्री अंधारात दोघींना बरोबरच आत ठेवा आणि त्याच वेळी माठ, काड्या, भांडी सगळ्यांच्या जागा बदला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून लक्ष ठेवा, पहिले दोन-तीन तास महत्त्वाचे. थोडं हाकलणं चालेल, डोकं धरलं तर लगेच काढा.

राजेंद्रनगरवाली

करते तसंच. पोतं आजच बांधतेय, पांढऱ्यासाठी भावाकडून छोटा पिंजरा मागवलाय. मादीनं आत्ता बीटाडीन लावू दिलं मुकाट्यानं आणि दाणा पण संपवलाय. सोडायच्या वेळी इथंच लिहीन, तेव्हा कोणी जागं असलं तर बरं होईल.