लॅपटॉपची बॅटरी दोन तासांत संपते, मदत हवी आहे

निळीदौत: पूर्वी पाच तास आरामात चालायची, आता दोन तासांत बंद. परवा प्रबंधाचं सादरीकरण आहे आणि त्या खोलीत माझ्या जागेजवळ प्लग नाही. नवी बॅटरी टाकू का? प्लीज लवकर सांगा, खूप वैतागलेय.

खटपट्या: लॅपटॉप किती जुना? विंडोज की लिनक्स? काय काय जोडलेलं असतं?

निळीदौत: तीन वर्षं. विंडोज ११. जोडलेलं नेहमीचंच.

खटपट्या: नेहमीचंच म्हणजे काय ते लिहा ना, सगळं त्यावरच आहे.

बिनधास्त७: तीन वर्षं झाली म्हणजे बॅटरी गेलीच. माझीही अशीच गेली होती. वेळ न घालवता बदला.

शोधक: न तपासता बदला कशाला सांगताय? ताई, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून ‘/बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाका. तयार होणाऱ्या फाइलमध्ये डिझाइन कपॅसिटी (नवी असताना बॅटरीत मावणारी वीज) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता मावणारी) बघा.

निळीदौत: पहिली ५०, दुसरी ४३ वॅट-अवर. जोडलेलं: माउस, यूएसबी-सी हब (एका पोर्टला अनेक उपकरणं जोडायची डबी), हबला पोर्टेबल हार्ड डिस्क. फोनही लॅपटॉपवरच चार्ज करते.

बिनधास्त७: माउस वायरचा असेल तर ब्लूटूथचा घ्या.

शोधक: माउसचं काय घेऊन बसलात? यूएसबी २ च्या पोर्टची मर्यादाच अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. साधा माउस सहसा त्याचा पाचवा हिस्साही घेत नाही.

खटपट्या: ५० पैकी ४३ अजून मावतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे, बदलू नका. हिशोब बघा. ४३ वॅट-अवर दोन तासांत संपले, म्हणजे २१ वॅटच्या वर ओढ. लिहा-वाचायच्या कामाला साधारण ८ वॅट धरू. फोन ५ व्होल्टवर दीड अँपिअर घेत असेल तर तिथेच साडेसात वॅट गेले. फिरणारी डिस्क वापरात असताना दोन-अडीच घेते. वर हबचं स्वतःचं असतंच. शिवाय काही उपकरणं जोडलेली असली की प्रोसेसरला गाढ झोप लागत नाही, तो खर्च वेगळाच. डिस्कवर बोट ठेवून बघा. काही उघडलेलं नसतानाही थरथर जाणवली तर ती फिरतेच आहे.

सावलीझाड: चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग लावा, बॅटरीचं आयुष्य वाढतं.

शोधक: बरोबर आहे, पण परवा त्यांना पूर्ण भरलेलीच लागणार. ती सेटिंग नंतर.

मधलीसुट्टी: अवांतर: प्रबंधाची एकच प्रत त्या डिस्कवर नाही ना? आधी दुसरीकडे कॉपी करा. माझी डिस्क हातातून पडली आणि सगळं गेलं.

निळीदौत: कॉपी केली, धन्यवाद. डिस्क खरंच थरथरत होती! आता डिस्क आणि फोन दोन्ही काढून अर्धा तास तेच काम केलं: ११ टक्के उतरली. आधी तेवढ्यात २४ उतरायची. पण हब काढता येत नाही, प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल त्यालाच लागते. तो रिकामा असतानाही कोमट लागतो.

खटपट्या: मग आपली वेळ येईपर्यंत काढून ठेवा, उभ्या राहताना लावा. आणि उद्या एकदा हब लावून, प्रोजेक्टर नाही तर कुठलाही स्क्रीन जोडून अर्धा तास चालवून बघा. काही लॅपटॉपमध्ये बाहेरचा स्क्रीन लागला की वेगळं ग्राफिक्स कार्ड (चित्र दाखवणारा वेगळा भाग) जागं होतं आणि जास्त वीज खातं. तुमच्यात आहे का ते?

निळीदौत: ते कुठे दिसतं?

शोधक: टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स. जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन दिसले तर आहे.