मदत हवी आहे: ज्यूद्वेषाच्या घटनांची नोंद कशी ठेवावी?

शाळा-कॉलेजांत ज्यूद्वेषाच्या तक्रारी हाताळायची पद्धत लिहून काढत आहोत. नोंदवहीचा नमुना एका रकान्यावर अडला आहे.

बाकावर नाझी चिन्ह कोरलेलं दिसलं की बहुतेक ठिकाणी ते लगेच घासून टाकतात आणि पुरावाच जातो. आधी फोटो, तारीख, वेळ, जागा. मग त्याच दिवशी पुसायचं. बोललेले शब्द जसेच्या तसे लिहायचे, ‘अपशब्द वापरले’ एवढ्याने पुढे काहीच सिद्ध होत नाही. दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणणं तर सर्वांत घातक. ते मूल पुन्हा तक्रार घेऊन येत नाही.

आता अडचण. इस्रायल सरकारवर टीका हा आपोआप ज्यूद्वेष ठरत नाही. त्या सरकारचा जाब वर्गातल्या ज्यू मुलीला विचारणं हा मात्र नक्कीच ठरतो. आयएचआरए या होलोकॉस्ट-स्मरणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१६ची ज्यूद्वेषाची व्याख्या आणि तिला पर्याय म्हणून अभ्यासकांनी मांडलेलं २०२१चं जेरुसलेम डिक्लेरेशन इथवर एकमत आहेत. पण टीकेतले दुटप्पी निकष (इतर देशांकडून न ठेवलेली अपेक्षा फक्त इस्रायलकडून ठेवणं) ज्यूद्वेष मानायचे का, यावर दोघांचं जमत नाही, आणि शिक्षकांची गाडी नेमकी तिथेच अडते.

अशा सीमेवरच्या घटनांसाठी तुम्ही वेगळा रकाना ठेवता का? निर्णय एकट्या मुख्याध्यापकांचा की समितीचा? नावं वगळून भरलेला नमुना असेल तर कृपया द्या.