चर्चा: ‘हलकं इंजिन मिळालं आणि माणूस उडाला’ हे निम्मंच खरं

वजनकाटा: ‘बाकी सगळं तयारच होतं, अडलं होतं ते हलक्या इंजिनापायी’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. १९०३ मध्ये ताकदीच्या मानाने सगळ्यांत हलकं विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या मॅनलीचं होतं : ५ सिलिंडर, ५२ अश्वशक्ती, थंड ठेवणाऱ्या पाण्यासकट ९४ किलोच्या आसपास. तरी ते बसवलेलं लँगलीचं विमान दोन्ही वेळा पोटोमॅक नदीत पडलं. राइट बंधूंचं इंजिन ८० किलोंचं. सुरू करताना १६ अश्वशक्ती, तापलं की १२. पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटरच नव्हता. पण प्रोपेलर उत्तम होता आणि विमानावर ताबा होता.

नोम७: राइट बंधूंच्या १९०३ मधल्या ५९ सेकंदांच्या उड्डाणाचं कौतुक पुरे. पुढे युरोपात विमानं सर्रास उडू लागली ती १९०९ च्या नोम या फ्रेंच रोटरी इंजिनामुळे. ७ सिलिंडर, ५० अश्वशक्ती, ७५ किलो. रोटरीत सिलिंडर स्वतःच फिरतात, म्हणून थंड करायला रेडिएटर नको, गती एकसारखी ठेवायला फ्लायव्हीलचं जड चाक नको.

वजनकाटा: आणि नोममध्ये वंगण म्हणून घातलेल्या एरंडेलाचा फवारा वैमानिकाच्या तोंडावर! चांगलं खनिज तेल नव्हतं म्हणून ही वेळ आली.

नोम७: साफ चूक. खनिज तेल होतं. रोटरीत पेट्रोल-हवेचं मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून (मधल्या दांड्यातून) क्रँककेसमध्ये, म्हणजे त्याभोवतीच्या पेटीत येतं. खनिज तेल तिथे पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होतं, बेअरिंग कोरडी पडतात. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. लिहिण्याआधी इंजिनाचा छेद तरी बघा!

घासकाम: एरंडेलाची दुसरी बाजूही सांगा. तापून त्याचं राळेसारखं चिकट कीट होतं. नोमचा इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणारी झडप, पिस्टनच्या डोक्यात, आपोआप उघडणारा. तो कीट धरून अडकला की ज्वाला थेट मिश्रणाने भरलेल्या क्रँककेसमध्ये. म्हणून सारखं खोलून साफ करावं लागे.

वजनकाटा: रोटरीपुरतं एरंडेल मान्य. पण ‘हलकं म्हणजेच चांगलं’ हे मान्य नाही. फ्रेंच वैमानिक लाथमचं अँटोनेट इंजिनही हलकंच होतं, ५० अश्वशक्तीचं, ८ सिलिंडरचं व्ही-८. १९ जुलै १९०९ ला इंग्लिश खाडी ओलांडताना बंद पडलं. ६ दिवसांनी दुसरा फ्रेंच वैमानिक ब्लेरिओ २५ अश्वशक्तीच्या ३ सिलिंडर अँझानी इंजिनावर पलीकडे पोचला. निम्मी ताकद, पण बंद पडलं नाही. वजनापेक्षा टिकणं मोठं.

नोम७: बरं, टिकण्याचा मुद्दा घेतो. पण नोमचं हलकेपण फुकट आलेलं नाही. अख्ख्या निकेल-पोलादाच्या ठोकळ्यातून सिलिंडर कातून भिंत १.५ मिमीवर आणलेली.

घासकाम: तिथेच दुखणं आहे. फिरताना सिलिंडरची पुढची बाजू गार, मागची तापलेली, त्यामुळे बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, गोल राहत नाही. पिस्टनभोवतीची साधी रिंग गॅस धरत नाही, म्हणून पितळेसारख्या पातळ पत्र्याची लवचीक रिंग घालायचे. ती मोडली की त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) गेलं, आणि पिस्टनही घासला जातो.