डॅटसन २४०झेड की माझी एस२०००? अदलाबदलीआधी किंमत कशी ठरवायची? (तातडीने मदत हवी आहे)

ओढाळ
नमस्कार मंडळी. माझ्याकडे होंडा एस२००० ही स्पोर्ट्स कार आहे. तिच्या बदल्यात एक जण १९७३ ची डॅटसन २४०झेड ही जुनी जपानी स्पोर्ट्स कार द्यायला तयार आहे, वर मी ६ हजार डॉलर द्यायचे. केशरी रंग, इंजिन झकास, फक्त ४२ हजार मैल चाललेली. त्याला शनिवारपर्यंत उत्तर हवंय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. नेटवर बघितलं तर कोणी काहीही भाव लावलेत. नेमका आकडा कसा काढायचा? जुन्या गाडीच्या नादी लागू नका, हा सल्ला कृपया नको. घ्यायची हे ठरलंय.

जुनाट
राहता कुठे? एस२००० कोणत्या सालची, किती चाललेली? समोरचा डीलर आहे की खाजगी मालक? डॅटसन खालून बघितलीत का? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आकडा कशाच्या जोरावर सांगायचा?

राजाभाऊ_ह्यूस्टन
वरचे ६ हजार अजिबात देऊ नका. गाडीला गाडी, विषय संपला. सरळ अदलाबदलीला ५ डॉलर कर लागतो. मी माझा ट्रक असाच बदलला.

मेधा_प
राजाभाऊ, ते तुमच्या टेक्सासात. कॅलिफोर्नियात गाडीला गाडी दिली तरी कर लागतो, तुम्ही जे दिलं त्याची बाजारभावाने किंमत धरतात. आधी त्यांचं राज्य तरी कळू दे.

ओढाळ
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. एस२००० २००६ ची, ७१ हजार मैल, अपघात नाही. समोरचा खाजगी मालक आहे, सॅक्रामेंटोजवळ राहतो. डॅटसन मी चालवून बघितली, मस्त पळते. खालून नाही बघितली. पण माझा प्रश्न किमतीचा आहे हो.

जुनाट
किमतीचंच बोलतोय. २४०झेडची किंमत पत्र्यात असते, इंजिनात नाही. ते एल२४ इंजिन दणकट आहे, पार्ट मिळतात, दुरुस्तीचा खर्च आधी सांगता येतो. गंजाचा सांगता येत नाही.

बॅटरी काढून तिच्याखालचा ट्रे बघा. ॲसिड झिरपून तिथला पत्रा खातं आणि पाणी खालच्या रेलपर्यंत (गाडीचा भार पेलणारी लांब पोलादी पट्टी) उतरतं. मग मागच्या चाकापुढचा, दाराखालचा कोपरा. मग स्टेपनीचा खड्डा. शेवटी गाडी लिफ्टवर घेऊन फ्लोअरखालच्या दोन्ही लांब रेल हाताने चाचपा. फ्रीजवरचं साधं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या, जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. केशरी रंग ताजा असेल तर हे दुप्पट लक्ष देऊन करा.

आणि ते ४२ हजार मैल. या गाडीच्या मीटरला मैलांचे पाचच आकडे आहेत, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. १ लाख ४२ हजार असतील तरी मीटर तेच दाखवणार. जुनी सर्व्हिसची बिलं मागा, नसतील तर मैल किमतीत धरूच नका.

इंजिन ब्लॉकवरचा नंबर बॉनेटखालच्या पट्टीवरच्या नंबराशी ताडून बघा. पुष्कळ जणांनी २८०झेडचं, म्हणजे याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचं, इंजिन टाकलंय. पळायला ते जास्त चांगलं, पण मूळ इंजिन असलेल्या गाडीचा भाव त्याला मिळत नाही. ७३ ला मूळचे फ्लॅट टॉप (सपाट माथ्याचे) कार्ब्युरेटर होते, इंजिन तापलं की सतावतात, म्हणून लोकांनी आधीच्या सालांचे राउंड टॉप (गोल माथ्याचे) बसवले. तसं असेल तर त्यासाठी भाव पाडू नका, मूळ जोडी ठेवलीय का तेवढं विचारा.

हे झाल्यावर आकडा. मागितलेले भाव सोडून द्या, लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या ७३ च्या गाड्यांचे बघा. हॅगर्टी ही कंपनी जुन्या गाड्यांचे भाव देते, तिच्या तक्त्यात १ (सर्वोत्तम) ते ४ अशा श्रेणी आहेत. मालक नेहमी २ सांगतो, गाडी बहुतेक वेळा ३ निघते.

लालबत्ती
इतका कीस कशाला? २०२० मध्ये एक २४०झेड ऑनलाइन लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. डोळे मिटून घ्या, भाव वरच जाणार.

जुनाट
ती फार कमी चाललेली, मूळ अवस्थेतली गाडी होती. तिच्यावरून रस्त्यावरच्या गाडीचा भाव काढणं म्हणजे लालबागच्या चाळीतली खोली मलबार हिलच्या दराने मोजणं.

व्हीटेकप्रेमी
माझं ऐका, एस२००० सोडू नका. २००९ नंतर होंडाने ती बनवलीच नाही. हौसच असेल तर ती आधी रोख विका आणि मग डॅटसन रोखीने घ्या. अदलाबदलीत दोन्ही किमती समोरचाच ठरवतो.

पिंपळपान
भारतात नेणार असाल तर लक्षात ठेवा, २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. रोज चालवता येत नाही. आमच्या काकांकडे स्टँडर्ड हेरल्ड होती, साताऱ्याहून महाबळेश्वरला त्याच गाडीने जायचो. काय दिवस होते.

ओढाळ
भारतात न्यायची नाहीये.

मेधा_प
व्हीटेकप्रेमींशी सहमत. रोख विकून बघायला वेळ नसेल तर निदान दोन-तीन डीलरांकडून एस२००० ची लेखी ऑफर घ्या, म्हणजे तुमची बाजू आकड्यात येईल. दुसरं, तुमच्या गाडीचं स्मॉग सर्टिफिकेट (धुराच्या तपासणीचा दाखला) तुम्हालाच द्यावं लागेल. त्यांच्या ७३ ला लागत नाही, १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना सूट आहे. आणि पिंक स्लिप (गाडीच्या मालकीचा कागद) त्याच माणसाच्या नावावर आहे का बघा.

ओढाळ
पिंक स्लिपचा फोटो आला, त्याच्याच नावावर आहे. आत्ता फोन केला. लिफ्टवर घ्यायला हो म्हणाला. बॅटरी ट्रेचं विचारलं तर म्हणाला, तिथे आधीच्या मालकाने ‘थोडं वेल्डिंग’ केलंय, फोटो नाहीत. ६ हजारांतून किती कापायला सांगू?

जुनाट
आत्ता एक डॉलरही बोलू नका. कुजलेला पत्रा कापून नवा लावलाय की जुन्यावरच तुकडा चिकटवलाय, ते बघितल्याशिवाय कळणार नाही. काम स्वच्छ असेल तर ६ हजारांवर घासाघीस करा. रेलवर तुकडे चढवलेले असतील तर वरचे पैसे त्याने तुम्हाला द्यायला हवेत, आणि तो तयार नसेल तर सौदा सोडून परत या. शनिवारची घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

राजाभाऊ_ह्यूस्टन
मी पहिल्यापासून तेच म्हणतोय, वर काही देऊ नका.

ओढाळ
शनिवारी सकाळी बे एरियातून कोणी सोबत येईल का? वेल्डिंग चांगलं की वाईट ते मला ओळखता येणार नाही. पेट्रोल, जेवण माझ्याकडे.

जुनाट
मी सॅन रमोनला. येतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.