संरक्षणखर्चातील वाढ आणि दिवसाआड येणारे पाणी : ग्वाल्हेर महापालिकेने ठराव करावा का?

चर्चाप्रस्ताव – लष्करवासी (ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील रहिवासी)

संरक्षणाच्या तरतुदीत दरवर्षी जी नवी वाढ होते, तिचा काही भाग शहरांचे पाणी आणि प्राथमिक आरोग्य यांसाठी राखून ठेवावा, अशी मागणी करणारा ठराव आपल्या महापालिकेने मंजूर करून केंद्राकडे पाठवावा, म्हणून आम्ही काही नागरिक आपापल्या वॉर्डांतील पार्षदांना (नगरसेवकांना) भेटत आहोत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले गेले, तर आरोग्य मंत्रालयाच्या वाट्याला एक लाख कोटींहून किंचित कमीच आले. संरक्षणाची त्या वर्षीची नुसती वाढ सुमारे ५९ हजार कोटींची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या सगळ्या तरतुदीच्या निम्म्याहून अधिक होती. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच लिहिले होते. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही.

उन्हाळ्यात तिघरा धरण आटू लागले की आपल्याकडे पाणी दिवसाआड येते. नळ आला की आधी गढूळ पाणी वाहून जाते, मग ज्यांच्याकडे टुल्लू पंप आहे ते ओढून घेतात आणि गल्लीच्या टोकाच्या घरांत बादलीच्या तळाशी बारीक धार पडत राहते. त्या घरांतल्या बायकांना अर्थसंकल्पाविषयी मत विचारण्याची पद्धतच आपल्याकडे नाही. अमेरिकेत न्यू हेवन शहराच्या मतदारांपुढे नोव्हेंबर २०२० मध्ये हाच प्रश्न मतपत्रिकेवर आला होता आणि लष्करी खर्चातील पैसा आरोग्य व हवामानाच्या संकटाकडे वळवावा, असा कौल त्यांनी मोठ्या बहुमताने दिला. तो कौल त्यांच्या संसदेवर बंधनकारक नव्हता, आपला ठरावही नसेल. तरीही शहराचे म्हणणे शहराच्या सभागृहाने नोंदवावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद – निवृत्त वायुसैनिक, महाराजपुरा

आपल्या तळमळीविषयी मला शंका नाही, पण आकडा पुरता उलगडून पाहावा. त्या ६ लाख ८१ हजार कोटींपैकी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत, आणि त्यातले काही याच शहरातल्या, आपल्याच शेजारच्या घरांत येतात. पगार आणि रोजचा खर्चही वजा जाता नवी शस्त्रे, विमाने आणि इतर भांडवली कामे यांसाठी उरतात १ लाख ८० हजार कोटी. २०१९ मध्ये बालाकोटवर ज्या जातीची विमाने गेली, ती मिराज लढाऊ विमाने १९८५ मध्ये आपल्या सेवेत आली आणि इथल्याच महाराजपुरा हवाई तळावर आम्ही ती सांभाळली. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या (स्क्वाड्रन) मंजूर आहेत आणि प्रत्यक्षातली संख्या त्याहून बरीच कमी आहे. गलवानला २०२० च्या जूनमध्ये आपले वीस जवान धारातीर्थी पडले. न्यू हेवनच्या दोन्ही बाजूंना महासागर ओलांडल्याशिवाय शत्रू नाही. आपल्या दोन सीमांवर अण्वस्त्रधारी देश उभे आहेत, आणि ही वाढ चैनीची नसून राहून गेलेल्या खरेदीची आहे.

प्रतिसाद – लष्करवासी

काका, निवृत्तिवेतनाला किंवा पगाराला हात लावा असे ठरावाच्या मसुद्यात कुठेही नाही, आणि असते तर मीच विरोध केला असता. मागणी केवळ पुढच्या वाढीतील एका हिश्श्याची आहे. जुनी विमाने बदलणे आवश्यक आहे हे मान्य करूनही असा प्रश्न उरतो की, संरक्षणाची गरज मांडणारे तज्ज्ञ दिल्लीत नेहमी हजर असताना, पोटाच्या विकाराने आजारी पडणाऱ्या मुलांची गरज तिथे कोण मांडते?

प्रतिसाद – हिशेब तपासणारी

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात संरक्षण केंद्राच्या सूचीत आहे आणि सार्वजनिक आरोग्य राज्याच्या. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा तर महापालिकांच्या कामांच्या यादीत घातला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी सुमारे ७० हजार कोटींची शिफारस केली होती, आणि त्यासाठी कोणाच्याही तोफा कमी कराव्या लागल्या नाहीत. त्यातले आपल्या शहराला किती मिळाले, कोणत्या दवाखान्यावर किती खर्च झाले आणि किती पडून राहिले, हे विचारणारा ठराव आधी आणावा. गळक्या जलवाहिनीचा दोष सीमेवर ढकलला की महापालिका सुटते, आणि मला ती सुटायला नको आहे.

प्रतिसाद – सिटी सेंटरकर

एक गोष्ट राहून जाते आहे. रेल्वेच्या डब्यांखाली आज जे जैविक शौचालय दिसते, त्यातले जिवाणूंचे तंत्र आपल्याच शहरातील संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेतून आले. बर्फात राहणाऱ्या जवानांची सोय म्हणून सुरू झालेले हे काम होते. संरक्षणावरचा प्रत्येक रुपया समाजापासून तोडलेला असतो, हे गृहीतकच मला पटत नाही.

प्रतिसाद – लष्करवासी

ते उदाहरण अभिमानाचे आहे, परंतु त्याच प्रयोगशाळेला पिण्याच्या पाण्याचा प्रश्न थेट सोडवण्यासाठी निधी द्या, असे आपण का म्हणत नाही? आणि ताई, हिशेबाची मागणी मी मसुद्यात पहिल्या कलमात घेतो, तिच्याविषयी वाद नाही. मात्र संरक्षणाच्या वाढीतील हिश्श्याचे दुसरे कलम काढणार नाही.

प्रतिसाद – निवृत्त वायुसैनिक, महाराजपुरा

हिशेबाच्या कलमावर माझी सही आजच घ्या. दुसऱ्या कलमातील ‘संरक्षणाच्या वाढीतून’ हे शब्द गाळून ‘केंद्राच्या एकूण वाढीव महसुलातून’ असे लिहिलेत, तर त्यावरही करीन.

प्रतिसाद – लष्करवासी

काका, तसे लिहिले तर ठरावाला कोणीच विरोध करणार नाही, आणि म्हणूनच दिल्लीत तो कोणी वाचणारही नाही. पैसा कुठून घ्यायचा हे न सांगता केलेल्या मागण्या आपल्या महापालिकेने आजवर पुष्कळ पाठवल्या आहेत. ते शब्द राहतील. आपली सही पहिल्या कलमाखाली घेण्यासाठी मी रविवारी सकाळी घरी येतो, आणि दुसऱ्या कलमाला आपला विरोध असल्याचे त्याच कागदावर आपल्या शब्दांत लिहून घेतो.