पाचशे फुटांची रेघ

"शाळेजवळ बेघरांचे तंबू नकोत, यात वाद कसला?" हे म्हणणं पटतं, पण अर्धंच. लॉस एंजेलिसचं उदाहरण घ्या. तिथल्या शहर कायद्याच्या ४१.१८ या कलमात २०२१ मध्येही शाळेजवळ बंदी घालता येत होती, फक्त प्रत्येक शाळेसाठी नगरपरिषदेला वेगळा ठराव करावा लागे. ऑगस्ट २०२२ मध्ये ती अटच काढली आणि सगळ्या शाळा-पाळणाघरांभोवती ५०० फुटांत (साधारण दीडशे मीटर) बसणं, झोपणं, सामान ठेवणं सरसकट बंद झालं. मुलांना तंबू चुकवायला फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागतं, ही पालकांची तक्रार खोटी नव्हती.

पण पाळणाघरं तर गल्लोगल्ली. नकाशावर ही वर्तुळं काढून बघा, एकमेकांत घुसतात. माणूस मग ५१० व्या फुटावर जातो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी दारात. ठराव करावा लागायचा तेव्हा निदान त्या जागेवर चर्चा तरी व्हायची.

आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या ग्रँट्स पास निकालानंतर निवाऱ्यात खाट उपलब्ध नसली तरी उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करता येतो. त्यामुळे खाटा वाढवायची निकडच गेली, असं मला वाटतं.